मार्चिंग बँडचा पहिला आठवडा: टेक्ससमध्ये नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

थोरली नववीत गेली आणि बँडमध्ये तिचं नाव लागलं, तेव्हा सासूबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे वरातीतला बँड का गं?" मला हसू आलं, पण नेमकं काय सांगायचं हे मलाही कळत नव्हतं. शाळेत रोज एक तास, वर्षातून दोन-तीन कार्यक्रम, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मग ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सकाळी पावणेसातला मी पार्किंगमध्ये एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात कूलरचं झाकण धरून उभी होते आणि दोनशे मुलं वाद्यं घेऊन माझ्यासमोरून पळत मैदानाकडे चालली होती. कुणीच काही समजावून सांगितलं नव्हतं, कारण इथल्या आईबाबांना वाटतं की हे सगळ्यांना माहीतच असतं.

आता चार उन्हाळे झाले. दरवर्षी एखादं तरी नवं मराठी कुटुंब तेच प्रश्न घेऊन येतं, म्हणून हे लिहून ठेवते आहे. मी टेक्ससमधलं सांगते. इतर राज्यांत तारखा आणि नियम वेगळे असतात, पण पाणी, ऊन आणि बूट सगळीकडे तेच.

आधी एवढं समजून घ्या. हायस्कूलचा मार्चिंग बँड मैदानावर चालत, वळत, आकृत्या करत सात-आठ मिनिटांचा एक अख्खा प्रयोग पाठ वाजवतो. शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या मध्यंतरात तो लोकांना दिसतो, ऑक्टोबरात स्पर्धा सुरू होतात आणि राज्यस्तरीय फेरी नोव्हेंबरात सॅन अँटोनियोच्या अलामोडोम या स्टेडियममध्ये होते. या स्पर्धा घेणाऱ्या यूआयएल या संस्थेचा एक नियम आहे: शाळा सुरू झाली की शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठच तास सराव करता येतो. त्यामुळे शाळा उघडण्याआधी जो वेळ हातात असतो, त्यातच सगळं कोंबलं जातं. सकाळी सात ते अकरा मैदान, दुपारी आत वाद्यांप्रमाणे गट पाडून सराव आणि काही दिवस संध्याकाळी पुन्हा मैदान. म्हणूनच या आठवड्यात शाळेला माणसं लागतात.

१. कागद जुलैतच पुरे करा

सोमवारी सकाळी रांगेत उभं राहून "हा फॉर्म कुठे मिळतो?" विचारणारे पालक दरवर्षी असतात. पहिल्या वर्षी त्यातली एक मीच होते. लागणारे कागद असे:

- डॉक्टरांची सही असलेला शारीरिक तपासणीचा फॉर्म. हो, बँडलाही लागतो, खेळाडूंना लागतो तसाच. तारीख नीट बघा, मागच्या वर्षीचा चालेलच असं नाही.
- ॲलर्जी, दमा, चालू औषधं आणि तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा, याची माहिती.
- इनहेलर किंवा एपिपेन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) लागत असेल, तर त्याचा वेगळा फॉर्म.
- शाळेचं वाद्य घेतलं असेल, तर त्याचा करार. सूझाफोन, मेलोफोन, मोठे ड्रम बहुतेक शाळेचेच असतात. क्लॅरिनेट आणि बासरी सहसा आपली.
- तुमचा स्वतःचा स्वयंसेवक अर्ज.

यातला शेवटचा कागद लोक विसरतात. तो शाळेत नाही, डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सगळ्या शाळा चालवणाऱ्या विभागाच्या, वेबसाइटवर भरायचा असतो. त्यात तुमची पार्श्वभूमी तपासतात आणि मंजुरी यायला काही दिवस जातात. मंजुरी नसेल तर मुलांच्या जवळपास कुठलंही काम मिळत नाही, अगदी केळी वाटायचंसुद्धा. शिवाय तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो. नवऱ्याचं नाव आहे म्हणून माझंही चालेल, असं धरून चालू नका.

डॉक्टरांचं म्हणाल, तर जुलैच्या शेवटी अपॉइंटमेंट मिळत नाही, कारण सगळ्या डिस्ट्रिक्टमधले फुटबॉलवाले, व्हॉलीबॉलवाले त्याच आठवड्यात जागे होतात. जूनमध्येच उरकून टाका.

२. काम निवडा, आणि "मला संगीत येत नाही" म्हणू नका

बूस्टर क्लब, म्हणजे पालकांचं मंडळ, जुलैत कामांची यादी पाठवतं. तिच्यावर नाव घालायचं असतं. आपल्याकडचे लोक ती उघडतात, वाचतात आणि बंद करतात. मीही आठवडाभर तेच केलं. मग लक्षात आलं की त्या यादीतल्या एकाही कामाला सूर-ताल कळावा लागत नाही. पाणी भरणं, जेवण वाढणं, युनिफॉर्मची मापं घेणं, ट्रकमध्ये सामान चढवणं-उतरवणं, लाकडी चौकटी ठोकून रंगवणं, नावांच्या चिठ्ठ्या चिकटवणं. गणेशोत्सव मंडळात काम केलेलं असेल तर तुम्हाला यातलं सगळं येतं, फक्त इथे वर्गणीसाठी दारोदार फिरावं लागत नाही. (ऑक्टोबरात तेही करावं लागतं, पण तो विषय वेगळा.)

माझा सल्ला: पहिल्या वर्षी पाण्याचं काम घ्या. मैदान दिसतं, मुलं ओळखीची होतात आणि वेळ ठरलेली असते. पैसे मोजायचं काम पहिल्या वर्षी नकोच. घेतलंच, तर रोख रक्कम एकट्याने मोजू नका. दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची.

३. मैदानावरची भाषा

पहिल्या दिवशी कानावर पडणारे शब्द कळले नाहीत की आपण भलत्या वेळी कूलर घेऊन आत शिरतो. म्हणून थोडक्यात सांगते.

"डॉट" म्हणजे मैदानावरची प्रत्येक मुलाची ठरलेली जागा. "सेट" म्हणजे सगळ्यांचे डॉट मिळून झालेली एक आकृती. एका प्रयोगात असे कित्येक डझन सेट असतात, आणि प्रत्येक मूल आपापले डॉट वहीत लिहून किंवा फोनमधल्या ॲपवर बघून पाठ करतं. "रीसेट" ओरडलं की सगळे मागच्या जागी पळत जातात. "गार्ड" म्हणजे झेंडे, लाकडी रायफली फिरवणारी मुलं. "बॅटरी" म्हणजे गळ्यात ड्रम घेऊन चालणारे. "पिट" म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला मरिंबा, व्हायब्राफोन (काठ्यांनी वाजवायची पट्ट्यांची मोठी वाद्यं) घेऊन एका जागी उभे राहणारे. त्यांचं सामान चाकांवर असतं आणि ते ढकलायला नेहमीच माणसं कमी पडतात.

आता पावलांचं गणित. फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर एक पांढरी रेघ असते. दोन रेघांमध्ये बरोबर आठ पावलं पडली पाहिजेत, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. उंच असो की बुटका, पाऊल तेवढंच. नवी मुलं पहिले दोन दिवस वाद्य न घेता हेच करतात: आठ पावलं पुढे, आठ मागे. पुढे जाताना टाच आधी टेकते, मागे येताना टाच जमिनीला लागतच नाही, सगळं वजन चवड्यावर. घरी आल्यावर थोरली म्हणाली, "आई, पोटऱ्या दुखतायत," तेव्हा मी अंगणात करून बघितलं. विसाव्या पावलाला माझा तोल गेला.

आणि "वन मोअर टाइम" यावर विश्वास ठेवू नका. टॉवरवर उभे असलेले बँड डायरेक्टर माइकवरून "आणखी एकदाच" म्हणाले की अजून किमान पाच वेळा होतं. मुलांना हे माहीत आहे. गाडीत इंजिन चालू करून वाट बघत बसलेल्या बाबालोकांना माहीत नसतं.

४. पाणी

हा खरा विषय. बाकी काही विसरलात तरी हा भाग वाचा.

ऑगस्टात इथे दुपारी शंभर फॅरनहाइट, म्हणजे अडतीस सेल्सिअस सहज होतं. त्यात मैदान कृत्रिम गवताचं असेल, तर तळाकडून वेगळी धग येते. ते गवत उन्हात साध्या हिरवळीपेक्षा कितीतरी जास्त तापतं, बुटाच्या तळव्यातून कळतं. मुलांनी स्वतःचा मोठा जग आणायचा असतो, अर्धा गॅलन किंवा एक गॅलन, नाव लिहिलेला. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. सकाळच्या सत्रात तो रिकामा होतो. तो पुन्हा भरून देणं हे आपलं काम.

नारिंगी रंगाचे मोठे कूलर दहा गॅलनचे असतात. भरलेला एक कूलर चाळीस किलोच्या आसपास जातो. पहिल्या दिवशी मी आणि आणखी एक ताई, दोघींनी मिळून बँड हॉलच्या सिंकवर कूलर भरला आणि मग एकमेकींकडे बघत बसलो. म्हणून आधी रिकामा कूलर गाडीवर किंवा टेबलावर ठेवा आणि तिथेच नळीने भरा. नळी बागेची साधी नको, पिण्याच्या पाण्यासाठी असते ती घ्या. दुकानात आरव्हीच्या (राहायची सोय असलेल्या प्रवासी गाड्यांच्या) सामानात मिळते, बहुतेक पांढरी किंवा निळी. आणि नळी उन्हात पडलेली असेल, तर पहिलं पाणी सोडून द्या. ते चहा करण्याइतकं तापलेलं असतं आणि त्याला रबराचा वास येतो.

बर्फ मिळतो खेळांच्या विभागातल्या मशिनमधून, पण तिथल्या ट्रेनरना, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्यांना, आधी विचारून. न विचारता नेलेला बर्फ आठवडाभर लक्षात ठेवला जातो. बर्फात हात घालायचा नाही, डाव वापरायचा. मुलांच्या जगचं तोंड कूलरच्या तोटीला टेकू द्यायचं नाही, चार बोटं अंतर ठेवून धार धरायची. बँडमध्ये एकाला सर्दी झाली की आठवड्याच्या शेवटी अख्खी ट्रम्पेटची रांग खोकत असते. ती तोटीवरूनच पसरते की आणखी कशी, देव जाणे, पण मी तोटीवर लक्ष ठेवते.

पाण्याची सुट्टी चार-पाच मिनिटांची असते. दोनशे मुलं, चार तोट्या. हिशोब तुम्हीच करा. म्हणून सराव चालू असताना कडेला ओळीने ठेवलेले रिकामे जग भरून परत त्याच जागी ठेवायचे. जागा बदलली की सुट्टीतली दोन मिनिटं स्वतःचा जग शोधण्यात जातात. गार्डचे जग गार्डकडे, पिटचे पिटकडे.

नुसत्या पाण्याने भागत नाही, घामातून मीठ जातं. खारवलेली बिस्किटं, लोणच्याच्या काकड्या (इथली मुलं त्या केळ्यासारख्या खातात), कलिंगडाच्या फोडी हे उत्तम.

इथे माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने दोन गॅलन कोकम सरबत करून नेलं. उन्हाला याच्याइतकं चांगलं काही नाही, हे माझं मत आजही कायम आहे. मुलांनी चव बघितली, आवडलं आणि दहा मिनिटांनी सहायक डायरेक्टर माझ्याकडे आले. अगदी गोड शब्दांत त्यांनी सांगितलं की तोंडातली साखर फुंकरीबरोबर वाद्यात जाते, व्हॉल्व्ह चिकटतात, क्लॅरिनेटच्या पॅडना चिकटा येतो. वाजवायच्या मध्ये फक्त पाणी. गोड काही दिलंच, तर जेवणाच्या सुट्टीत, आणि वाजवण्याआधी चूळ भरायला लावायची. शिवाय तीन मुलींचे पांढरे टी-शर्ट गुलाबी झाले ते वेगळंच. आता कोकम शेवटच्या दिवशी, कार्यक्रमानंतर.

५. ऊन लागलं तर

कुणी बसलं की धावत जाऊन औषध द्यायचं नाही. तुमच्या पर्समधली क्रोसिन, इलेक्ट्रालची पुडी, बाम, यातलं काहीही दुसऱ्याच्या मुलाला देण्याची परवानगी तुम्हाला नाही, आणि हे गमतीवारी घेऊ नका. तुमचं काम म्हणजे सावलीत नेणं, पाणी देणं, गार फडकं मानेवर ठेवणं आणि ट्रेनर किंवा नर्सला बोलावणं. छोट्या टॉवेलचा एक गठ्ठा बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा. एकाचा वापरलेला दुसऱ्याला नाही, तो वेगळ्या बादलीत, घरी धुवायला.

बहुतेक वेळा मूल नाश्ता न करता आलेलं असतं. किंवा गुडघे ताठ करून उभं राहिलेलं असतं. सावधान स्थितीत गुडघे आवळले की पायातलं रक्त वर यायला अडचण होते आणि घेरी येते. सेक्शन लीडर, म्हणजे एकेका वाद्याच्या गटाची प्रमुख मुलं, सारखं ओरडत असतात, "गुडघे सैल!" तुमच्या मुलाला घरीच सांगून ठेवा.

पण मूल असंबद्ध बोलायला लागलं, कुठे आहे ते कळेना, तोल जायला लागला, तर तो उष्माघात समजायचा. लगेच ९११ आणि त्याच क्षणी अंग गार करायला सुरुवात: बर्फाचं पाणी, ओले टॉवेल, जे हाताशी असेल ते. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. चार वर्षांत मी हे एकदाही पाहिलेलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही, पण कुठल्या दाराने रुग्णवाहिका मैदानात येते ते मी दरवर्षी सोमवारीच बघून ठेवते.

मुलांसाठी: टोपी, सनस्क्रीन, फिका सैल शर्ट, पायमोजे आणि नीट बसणारे धावायचे बूट. सँडल घालून आलेल्या मुलाला कडेला बसवतात. लाकडी क्लॅरिनेट उन्हात न्यायचा नाही, तडकतो. मैदानासाठी प्लॅस्टिकचा वेगळा असतो. आमच्याकडे हे समजेपर्यंत एक रात्र रडारड झाली होती. ड्रमच्या जवळ तुमचं काम असेल, तर कानात बोळे घाला, आणि हे मी अगदी मनापासून सांगते आहे.

६. जेवण

दुपारी बहुतेक पिझ्झा असतो. शाकाहारी किती, याचा आकडा आठवडाभर आधी कळवा. नाहीतर शेवटी चीजचे दोन बॉक्स आणि त्यांच्यावर डोळा ठेवणारी चाळीस मुलं उरतात, आणि त्यात मांसाहारी मुलंच आधी पोचतात. शाकाहारी बॉक्स टेबलाच्या मागे, आपल्या ताब्यात ठेवा.

घरचं काही न्यायचं असेल, तर आपला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे शेंगदाणा. चिक्की, दाण्याचा लाडू, साबुदाण्याची खिचडी, चटणी, अगदी कोशिंबिरीतलं कूटसुद्धा. इथे शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असलेली मुलं असतात आणि "थोडंसंच आहे" हे चालत नाही. काजूचंही तेच. फळं न्या. कापलेली संत्री न्या. कोणाला कमीपणा वाटायचं कारण नाही, सगळ्यात आधी संत्रीच संपतात.

७. युनिफॉर्म

आठवड्याच्या मध्यावर एक दुपार मापांची. इंचटेप, टाचण्या, पेन्सिल आणि शांत डोकं लागतं. युनिफॉर्म शाळेचा असतो, दरवर्षी नव्या मुलाला जातो, त्यामुळे कापड कधीही कापायचं नाही, फक्त दुमडायचं. विजारीला खांद्यावरून पट्टे असतात, तिला बिबर म्हणतात. बऱ्याच बिबरना आतून बटणांची रांग असते, ती लावून लांबी कमी-जास्त होते. नववीतला मुलगा नोव्हेंबरपर्यंत दोन इंच वाढतो, म्हणून काठ जरा उदार ठेवा. मापं मार्चिंगचे बूट घालूनच घ्या. अनवाणी घेतलेलं माप सप्टेंबरात घोट्याच्या वर जातं. ज्यांना शिवण येतं त्यांनी ते सांगितलं की मग चार वर्षं सुटका नाही, एवढं फक्त लक्षात असू द्या.

८. स्वतःचं मूल शोधू नका

पहिल्या दिवशी मी कूलरवर कमी आणि क्लॅरिनेटच्या तिसऱ्या रांगेवर जास्त होते. हात हलवला. थोरलीने माझ्याकडे बघितलं नाही, आणि घरी आल्यावर म्हणाली, "आई, प्लीज, मी अटेन्शनमध्ये होते." सावधान स्थितीत डोळेसुद्धा हलवायचे नसतात. तिच्या सेक्शन लीडरने माझ्यामुळे तिला दहा पुशअप सांगितले नाहीत, पण सांगितले असते तर चूक नव्हती.

फोटो दुरून काढा. बाकीच्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईबाबांना विचारल्याशिवाय कुठे टाकू नका. मूल दमून, वैतागून, "मला सोडायचंय" म्हणत घरी येईल, बहुतेक बुधवारी. त्या रात्री काही ठरवू नका. वरण-भात, पायाला तेल, नऊला दिवे बंद. गुरुवारी पहिल्यांदा वाद्य आणि पावलं एकत्र जुळतात आणि मूल वेगळंच होऊन येतं. याची हमी मी देत नाही, पण आमच्याकडे दोन्ही मुलींचं तसंच झालं.

बाय द वे, पुण्यात याच दिवसांत नदीकाठी मांडव घालून ढोल-ताशा पथकांचा सराव चाललेला असतो. माझा भाचा तिथे ढोल वाजवतो. दोघा बहीण-भावांचा संध्याकाळचा व्हिडिओ कॉल म्हणजे हातावरचे फोड विरुद्ध पायावरचे फोड.

९. शुक्रवारची संध्याकाळ

आठवड्याच्या शेवटी पालकांना बोलावून मुलं जेवढं बसलंय तेवढं दाखवतात. दोन-अडीच मिनिटांचं असतं, युनिफॉर्म नसतो, मध्ये एखादी रांग चुकते. खाली, अगदी पुढे बसू नका. वर जाऊन बसा, आकृत्या वरूनच दिसतात. आजी-आजोबा आलेले असतील, तर उशी आणि पाणी न्या, ॲल्युमिनियमचे बाक संध्याकाळी सातलाही तापलेले असतात. सासूबाई त्या वर्षी आल्या होत्या. सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, "वरातीत हे एवढं सरळ रेषेत चालत नाहीत."

टाळ्या झाल्या की लोक गाड्यांकडे जातात आणि कूलर तसेच राहतात. तुम्ही जाऊ नका. पिटची मरिंबा आत ढकला, सापडलेले जग, टोप्या, एक बूट (नेहमी एकच) हरवलेल्या सामानाच्या खोक्यात टाका. ओले टॉवेल रात्रीच धुवा, सकाळपर्यंत ठेवले तर वास जात नाही. कूलर रिकामे करून तोट्या उघड्या ठेवा आणि झाकण न लावता उलटे वाळत घाला. झाकण लावून ठेवलेल्या कूलरमध्ये दोन दिवसांत काळं धरतं, आणि सोमवारी पावणेसातला ते घासत बसायची वेळ माझ्यावर एकदा आली आहे.